पागोळीपासून ओहोळापर्यंत : घराभोवती तुंबणाऱ्या पावसाच्या पाण्याची वाट

पावसाळी गटार तुंबते एका जागी आणि पाणी साचलेले दिसते दुसऱ्याच जागी. अंगणात तळे झाले की अंगण उकरले जाते, भिंतीला ओल आली की भिंतीला रंग लावला जातो. पण अडथळा बहुतेक वेळा तिथून दहा-वीस पावलांवर, उताराच्या अंगाला असतो. त्यामुळे दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी पाण्याची सगळी वाट माहीत असावी लागते: छप्पर, वळचण, पन्हळ, उभा पाईप, अंगणातली नाली, रस्त्याकडेचे गटार, रस्त्याखालची मोरी आणि शेवटी ओहोळ. यातला एक टप्पा अडला की त्याच्या वरचे सगळे टप्पे तुंबतात.

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर सुमारे ११५० मीटर उंचीवर वसलेले तोरणमाळ हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शहाद्याहून सातपायरी घाट चढून वर आले की पठार लागते आणि पठाराच्या कडेला सीताखाईसारख्या खोल दऱ्या आहेत. पाण्याला उतरायला एवढी जागा असलेल्या गावात घराभोवती पाणी तुंबू नये असे वाटते. तरी ते तुंबते, आणि त्याची कारणे जमिनीतच आहेत. सातपुड्याचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बनलेला आहे. वर मातीचा पातळ थर, त्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण अशी इथली सर्वसाधारण रचना असते. पहिल्या काही सरींतच मातीचे पोट भरते. त्यानंतर पडणारे पाणी मुरत नाही, ते पृष्ठावरून वाहू लागते आणि वाटेत घर असेल तर घराकडे येते.

किती पाणी, याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. सहा मीटर रुंद आणि आठ मीटर लांब छपराचे क्षेत्र ४८ चौरस मीटर. त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर २४०० लिटर पाणी खाली येते, म्हणजे मिनिटाला ४० लिटर. दर मिनिटाला जवळपास तीन हंडे पाणी वळचणीखाली ओतल्यासारखे हे आहे. हवामान खाते २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला ‘जोरदार’ आणि २०४.४ मिलिमीटरच्या वरच्या पावसाला ‘अत्यंत जोरदार’ म्हणते. घरासाठी मात्र दिवसाच्या आकड्यापेक्षा तासाचा आकडा महत्त्वाचा. दिवसभर रिमझिम पडलेले १०० मिलिमीटर गटार निमूट वाहून नेते. तेच पाणी दोन तासांत आले तर गटार तुडुंब भरते. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली होती, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. घराच्या नालीलाही असाच तिचा एक आकडा असतो. बांधताना तो कुणी मोजलेला नसतो एवढेच.

सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्तीच्या जुन्या घरांना पन्हळ नसे, आणि तिची गरजही नसे. भिंती बांबूच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या. पाणी लागले तर त्या गळून पडणार. म्हणून छप्पर भिंतीच्या बरेच पुढे काढलेले आणि जोते अंगणापेक्षा उंच. नळीच्या कौलांवरून पागोळ्या भिंतीपासून दूर पडत आणि तिथून पाणी उताराला लागे. पाड्यातली घरे एकमेकांना खेटून नसत, प्रत्येक घर आपापल्या शेतात उभे. त्यामुळे एकाच्या पागोळ्या दुसऱ्याच्या दारात येत नसत. ही रचना गरिबीची नव्हती, ती पूर्ण विचाराची होती. कौले आणि गवत जाऊन पत्रे आले तेव्हा दोन गोष्टी बदलल्या. पत्रा पाणी जराही धरून ठेवत नाही, त्यामुळे सर आली की लगेच सगळे पाणी खाली येते. आणि पत्रा महाग म्हणून वळचण आखूड झाली. आता पागोळ्या पायाच्या अगदी जवळ पडतात, जमिनीत रेघ कोरतात, चिखल भिंतीवर उडवतात. जिथे वळचण दोन फुटांहून आखूड आहे तिथे पन्हळ लावणे किंवा निदान पागोळीच्या रेघेखाली वीतभर खोल चर खणून त्यात खडी भरणे आवश्यक ठरते. खडीवर पाण्याचा मार मोडतो, माती उडत नाही, आणि चराला एका बाजूस उतार दिला की तीच नाली होते.

पन्हळ तुंबण्याचे इथले मुख्य कारण सागाचे पान. सातपुड्याच्या जंगलात साग भरपूर आहे आणि त्याचे पान हातभर लांब, रुंद, जाड. हिवाळ्याच्या अखेरीपासून पानगळ सुरू होते. पळस, मोह यांचीही पाने त्याच काळात झडतात. वाऱ्याने ती छपरांवर येऊन पडतात आणि उन्हाळाभर पन्हळीत वाळत राहतात. पहिला पाऊस त्या सगळ्यांना एकत्र करून उभ्या पाईपच्या तोंडाशी नेतो. सपाट जाळी असेल तर सागाचे एकच पान तिला पुरते झाकते आणि वरचे पाणी थांबते. घुमटाकार जाळीचे तसे होत नाही. पाने तिच्या पायाशी अडकली तरी वरच्या भोकांतून पाणी जात राहते. या लहानशा वस्तूइतका स्वस्त आणि गुणी उपाय या साऱ्या कामात दुसरा नाही.

काँक्रीटच्या सपाट छपरांची गोष्ट अधिक गंभीर आहे. आश्रमशाळा, निवासगृहे आणि नवी घरे यांना असे छप्पर असते. त्याचे तोंड तुंबले आणि कठड्याच्या आत दहा सेंटिमीटर पाणी साचले, तर दर चौरस मीटरवर १०० किलो वजन येते. ५० चौरस मीटरच्या छपरावर पाच टन. त्यासाठी गच्चीच्या कठड्यात, गच्चीच्या तळापासून चार-पाच सेंटिमीटर उंचीवर, जादा पाण्याची एक उघडी तोटी ठेवावी. मुख्य तोंड बंद पडले की पाणी तिच्यातून बाहेर उडते आणि खाली उभ्या माणसालाही कळते की वर काहीतरी अडले आहे. खानदेशातल्या फड पद्धतीत हा विचार शेकडो वर्षे आहे. पांझरेसारख्या नद्यांवर बंधारे घालून कालवे आणि चाऱ्या काढणाऱ्या शेतकऱ्यांनी कालव्यातले जादा पाणी सोडून देण्यासाठी ‘सांडम’ ठेवले होते. घराच्या छपरालाही सांडम हवा.

उभ्या पाईपची जाडी ठरवताना काटकसर केली जाते आणि ती पुढे महागात पडते. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरला तर ७५ मिलिमीटर व्यासाचा पाईप सुमारे ४० चौरस मीटर छपराला पुरतो आणि १०० मिलिमीटरचा सुमारे ८५ चौरस मीटरला. पाऊस तासाला १०० मिलिमीटर धरला तर हे आकडे निम्मे होतात. वरच्या ४८ चौरस मीटरच्या छपराला म्हणजे १०० मिलिमीटरचाच पाईप लागतो, किंवा ७५ चे दोन, पन्हळीच्या दोन टोकांना. डोंगरावर दुसरा पर्याय चांगला, कारण एक तुंबला तरी दुसरा काम देतो.

आता जमिनीवर. उतारावरच्या घराला सर्वांत जास्त त्रास देते ते छपरावरचे पाणी नव्हे, तर वरच्या अंगाने येणारे रानाचे पाणी. घराची मागची भिंत ओली राहते, जोत्यातून पाणी झिरपते, आणि पुढची नाली कितीही साफ केली तरी फरक पडत नाही. यावर उपाय एकच: घराच्या वर, भिंतीपासून दोन-तीन मीटर अंतरावर, उताराला आडवा चर खणणे. चर अगदी आडवा नसावा. एका टोकाकडे हलका कललेला असावा, म्हणजे अडवलेले पाणी घराला वळसा घालून खाली जाते. खणलेली माती चराच्या खालच्या, म्हणजे घराच्या बाजूला टाकून दाबावी. तिचा बांध होतो. वरच्या बाजूला टाकली तर पहिल्याच पावसात ती परत चरात येते. कित्येक घरी पावसाळी पाण्याचे निम्मे दुखणे या एका चराने थांबते, आणि त्याला सिमेंटची गोणीही लागत नाही.

नालीचा आकार आणि गाळ यांचा संबंध नीट समजून घ्यावा असा आहे. ३० सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल दगडी नाली, दर शंभर मीटरला एक मीटर उताराने, सेकंदाला ५० लिटरहून अधिक पाणी नेऊ शकते. एक एकर जमिनीवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडून तो सगळाच्या सगळा वाहिला तरी एवढेच पाणी होते. घरापुरती ही नाली भरपूर आहे. पण तीच नाली निम्मी गाळाने भरली तर तिची ताकद निम्मी राहत नाही, ती सुमारे ४० टक्क्यांवर येते, कारण पाण्याची जागा घटते आणि वेगही घटतो. वेग घटला की उरलेला गाळही तिथेच बसतो. म्हणून एकदा गाळ साचू लागला की नाली झपाट्याने भरत जाते.

तुंबलेली जागा शोधायची ती पाऊस पडत असताना. वाटेवरच्या चेंबरांची झाकणे काठीने सरकवून पाण्याची पातळी पाहिली की अडथळा आपोआप सापडतो: भरलेल्या शेवटच्या चेंबरच्या पुढे आणि कोरड्या पहिल्या चेंबरच्या अलीकडे. दोन पाईप एकाच चेंबरला मिळत असतील आणि दोन्हीत पाणी चढत असेल तर दोष त्या चेंबरच्या खालच्या अंगाला. एकाच पाईपमध्ये चढत असेल तर दोष त्या पाईपमध्ये. जोराच्या प्रवाहात रस्त्यावरच्या गटाराची झाकणे मात्र उघडू नयेत. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला. पाण्याखाली उघडे तोंड दिसत नाही.

साफसफाईची सुरुवात खालच्या टोकापासून करायची. घाईत नेमके उलटे होते. वरून काठी घातली की पाने आणि गाळ पुढे ढकलले जातात, घट्ट दाबले जातात आणि बूच अधिक पक्के होते. आधी ओहोळाकडचे तोंड मोकळे करावे, मग मोरी, मग रस्त्याकडेची नाली, असे वर यावे. खालून काम करताना नळाच्या तोंडासमोर कुणी उभे राहू नये. बूच सुटले की मागे साचलेले पाणी दगडगोटे घेऊन एकदम बाहेर येते. पाईपसाठी हिरव्या बांबूची लांब कामटी उत्तम. ती वाकते पण मोडत नाही, आणि टोकाला गोणपाटाची गाठ बांधली की पाईपच्या कडा घासून निघतात. उघड्या नालीला कुदळ, फावडे आणि घमेले पुरते. हात घालण्यापूर्वी काठीने पाने हलवावीत. गार, दमट, पानांनी झाकलेली जागा विंचवाला आणि सापाला आवडते. पायात गमबूट असावेत. साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि पायावरच्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो.

आम्ल किंवा कॉस्टिक सोडा ओतून पावसाळी गटार सुटत नाही. ती रसायने स्वयंपाकघरातल्या तेलकट थरासाठी आहेत. इथे अडकलेली असते माती, पाने आणि प्लास्टिकच्या पिशव्या. त्यांवर या रसायनांचा काही परिणाम होत नाही. सिमेंटचे सांधे मात्र आम्लाने खाल्ले जातात, आणि उरलेले सगळे ओहोळातून यशवंत तलावासारख्या पाणवठ्याकडे किंवा दरीतल्या पाड्याच्या झऱ्याकडे जाते. वड, पिंपळ, उंबर जवळ असतील तर पाईपच्या सांध्यातून मुळे आत शिरलेली असतात. ती कामटीने निघत नाहीत. तो तुकडा उघडून मुळे कापावी लागतात आणि सांधा नव्याने बसवावा लागतो. खोल, बंद चेंबरमध्ये माणसाने उतरू नये. आतला विषारी वायू दिसत नाही आणि दोन श्वासांत शुद्ध हरपते. मैल्याच्या टाकीत किंवा मलवाहिनीत माणूस संरक्षणाविना उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

साफ केलेली नाली पुन्हा लगेच भरत असेल तर उतार तपासावा. दोरी आणि पाणसळ, किंवा गवंड्याचा लेव्हल पाईप, एवढे साहित्य पुरे. दहा मीटर लांबीत दहा सेंटिमीटर उतार मिळाला की गाळ बसत नाही. तोरणमाळसारख्या ठिकाणी अनेकदा दोष उलट असतो. उतार फार असतो, पाणी धावते, मातीची नाली खोल कोरत नेते आणि कोरलेली माती खाली मोरीत टाकते. तिथे नालीला पायऱ्या द्याव्यात आणि प्रत्येक पायरीखाली मोठे दगड बसवावेत. दगड या डोंगरात मुबलक आहे. विकत आणावा लागत नाही.

उघडी नाली बरी की पाईप, या प्रश्नाला सातपुड्यात एकच उत्तर आहे: उघडी नाली. तिच्यातला गाळ दिसतो आणि फावड्याने निघतो. जिथे माणसांची किंवा गुरांची वाट आहे तिथे शहाबादी फरशी वर ठेवावी, पण ती सिमेंटने चिकटवू नये, म्हणजे उचलता येते. वाहनासाठी पाईप टाकावाच लागला तर तो ३०० मिलिमीटरपेक्षा लहान नसावा आणि त्याच्या आधी गाळखड्डा असावा: दीड फूट रुंद, दोन फूट खोल, आणि पाईपचे तोंड खड्ड्याच्या तळापासून वीतभर वर. वाहत आलेली माती खड्ड्याच्या तळाशी बसते आणि पाईपमध्ये निवळलेले पाणी जाते. तोंडाशी लोखंडी गजांची तिरपी जाळी बसवावी, गजांमध्ये अडीच सेंटिमीटर अंतर ठेवून. बारीक जाळी जास्त चांगली असा समज आहे. प्रत्यक्षात तीच सर्वांत आधी तुंबते.

सांडपाणी आणि पावसाचे पाणी यांची वाट वेगळी ठेवणे हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग. न्हाणीचे पाणी वर्षभर थोडे थोडे येते, पावसाचे चार महिने लोंढ्याने. दोन्ही एका नालीत सोडली की उन्हाळ्यात साबणाचा चिकट थर साचतो आणि पावसाळ्यात त्यावर माती धरते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून सांडपाण्याची उघडी गटारे बंद केली आणि डास हटवले; ते उदाहरण राज्यभर सांगितले गेले. पण शोषखड्डा हा सांडपाण्यासाठी आहे. त्यात छपराचा पाईप सोडला तर एका सरीत तो भरतो, गाळाने त्याची भोके बुजतात आणि तो कायमचा निकामी होतो. शौचालयाच्या टाकीत तर पावसाचे पाणी कधीच सोडू नये. टाकी उफाळून मैला अंगणात येतो. शिवाय शोषखड्डा खणण्याआधी जागा तपासावी. फूटभर खोल खड्डा करून त्यात पाणी भरावे. ते मुरले की पुन्हा भरावे. दुसऱ्या वेळी तासाभरात पातळी बोटभरही उतरली नाही तर खाली पाषाण आहे आणि तिथे शोषखड्डा चालणार नाही.

पाणी आपल्या हद्दीतून बाहेर गेले म्हणजे काम संपत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात वरच्या जमिनीवर पडलेले पाणी खालच्या जमिनीवरून नैसर्गिक रीतीने वाहू देण्याचा हक्क मान्य केलेला आहे. खालच्या घराने बांध घालून ते परतवणे चूक आहे. तसेच पसरून वाहणारे पाणी एका पाईपमध्ये गोळा करून शेजाऱ्याच्या जोत्यावर सोडणे हे नैसर्गिक वाहणे नव्हे. ज्या ओहोळाने ते पूर्वी जात होते त्यातच ते सोडावे, आणि सोडण्याच्या जागी दगडांचा थर द्यावा. रस्त्याकडेचे गटार आणि मोरी ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येतात. तिथे गाळ असेल तर अर्ज मे महिन्यातच द्यावा आणि ग्रामसभेत विषय मांडावा; जुलैत दिलेल्या अर्जाचा उपयोग पुढच्या वर्षी होतो.

सफाईची वेळ रोहिणी नक्षत्रातली, म्हणजे २५ मेच्या आसपास सुरू करून मृगाच्या आधी संपवण्याची. पानगळ तेव्हा पूर्ण झालेली असते. काढलेला गाळ काठावर टाकू नये, परसात किंवा शेताच्या बांधावर नेऊन पसरावा. त्यात कुजलेली पाने असल्याने तो चांगले खत आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर गाळखड्डा पुन्हा उपसावा, कारण हंगामातला बराचसा गाळ त्याच पावसात येतो. पुढे पोळ्यापर्यंत आठवड्यातून एकदा पन्हळ आणि खड्डा पाहिला तरी पुरते. त्याच दिवशी टाक्या आणि पिंपेही रिकामी करून कोरडी करावीत. एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, आणि आठवड्याचा कोरडा दिवस त्याची साखळी मध्येच तोडतो. नालीची परीक्षाही या पाहणीतच होते. पाऊस उघडल्यावर २४ तासांनीही तिच्यात कुठे पाणी उभे दिसले, तर त्या जागी उतार चुकला आहे आणि तेवढा भाग पुन्हा खणावा लागेल.